यवतमाळची आकाशवाणी आणि शेतीच्या कार्यक्रमांचे बदलते साचे

शेतीविषयक ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याची जी साधने आज आपल्या हाती आहेत, त्यांत नभोवाणीचे स्थान काहीसे वेगळे आहे. पत्रक वाचण्यास अक्षरओळख लागते, प्रात्यक्षिक पाहण्यास शेतापर्यंत जावे लागते, आणि सभेला जाण्यास मजुराला दिवसाची मजुरी बुडवावी लागते. नभोवाणीला यांपैकी काहीच लागत नाही. असे असूनही नभोवाणीवरून सांगितलेली गोष्ट शेतात उतरतेच असे नाही. हे का घडते, याचा उलगडा कार्यक्रमाच्या विषयात शोधण्यापेक्षा त्याच्या साच्यात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सांगणारा कोण, ऐकणारे किती, ते एकत्र बसून ऐकतात की एकटे, आणि त्यांची शंका परत सांगणाऱ्यापर्यंत जाते की नाही, या सर्वांचा मिळून साचा बनतो. आपल्या जिल्ह्यात ऐकू येणाऱ्या शेतीच्या कार्यक्रमांचा साचा गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलला आहे. त्याची हकीकत ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस माहीत असणे अगत्याचे आहे.

अगत्याचे म्हणण्यास कारण आहे. सन २०१७ च्या खरीप हंगामात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. फवारणी करताना कोणती काळजी घ्यावी, हे त्या वर्षीही डब्यांवर छापलेले होते. पण डबा दुकानातून मालकाच्या हाती येतो आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो. डब्यावरील बारीक अक्षरे त्या मजुरापर्यंत पोहोचत नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचू शकेल असा आवाज कोणता, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे उभा आहे.

आता मूळ हकीकतीकडे वळू. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. यवतमाळ जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे आपल्या भागास जवळचे असे नभोवाणी केंद्र म्हणजे नागपूर. ध्वनिक्षेपण मध्यम लहरींवर होत असे. या लहरी दूरवर जातात, परंतु आकाशात वीज चमकली की यंत्रात खरखर सुरू होते. शेतकऱ्याला सल्ल्याची सर्वांत जास्त गरज पावसाळ्यात आणि खरखरही पावसाळ्यातच, असा हा विचित्र योग होता! शिवाय यंत्र महाग, खेड्यांत वीज नाही, म्हणून गावात एखादे सार्वजनिक यंत्र असे व ते विद्युत्घटांवर चाले. घट संपले की नवे येईपर्यंत यंत्र मुके राही.

या काळातील एक प्रयोग मात्र आजही अभ्यासण्यासारखा आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतेमंडळे स्थापन केली. कल्पना मूळची कॅनडा देशातील. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत असत आणि 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्यांचे सूत्र होते. आपल्याकडे त्यातील 'वाचा' हा शब्द गाळून उरलेले तीन घेण्यात आले. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावातील निवडक मंडळी यंत्राभोवती बसत, कार्यक्रम संपल्यावर यंत्र बंद करून ऐकलेल्या विषयावर चर्चा करीत, आणि निमंत्रक त्या चर्चेचा अहवाल व शंका केंद्राकडे पाठवी. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविली होती व ती प्रा. पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. ज्या गावांत श्रोतेमंडळ होते ती गावे, ज्या गावांत यंत्र होते पण मंडळ नव्हते ती, आणि ज्या गावांत यंत्रच नव्हते ती, अशी तुलना करण्यात आली. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली होती. मंडळ नसलेल्या गावांत, यंत्र असूनही, पडलेली भर नगण्य होती. म्हणजे आवाज तोच, विषय तोच, यंत्रही तसेच. फरक एवढाच होता की एकीकडे ऐकल्यावर माणसे बोलली आणि दुसरीकडे ऐकून उठून गेली.

आपला जिल्हा या प्रयोगात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेनंतरच विदर्भ मुंबई राज्यात आला. पुढे १९५९ मध्ये ही मंडळे देशभर नेण्याचे ठरले. विस्तार मोठा झाला, पण मंडळांचा जोर टिकला नाही. यंत्रे नादुरुस्त होत, निमंत्रकाची बदली होई किंवा उत्साह ओसरे. आणि ज्या दिवशी पाठविलेल्या शंकेला उत्तर येईनासे झाले, त्या दिवसापासून मंडळ ही केवळ यादीतील नोंद उरली.

१९६६ साली साचा पुन्हा बदलला. संकरित व अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांची मोहीम तेव्हा सुरू होत होती. ज्वारीचा सी.एस.एच.-१ हा संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला होता. अशा वाणांना पेरणीची वेळ, खताची मात्रा, ओळींतील अंतर हे सर्व नेमके सांगावे लागते. त्यासाठी आकाशवाणीच्या निवडक दहा केंद्रांवर 'शेती व गृह विभाग' उघडण्यात आले आणि त्यांत शेतीचे शिक्षण घेतलेले अधिकारी नेमले गेले. तामिळनाडूतील तंजावर भागात तर भाताच्या एका नव्या वाणाला शेतकरी 'रेडिओ भात' म्हणू लागले, कारण त्याची माहिती त्यांना प्रथम नभोवाणीवरून मिळाली होती. याच सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त झाला व तो बैलगाडीच्या साटीला लटकून शेतात गेला. लाभ मोठा झाला, यात शंका नाही. परंतु पूर्वी वीस जण एकत्र ऐकत, ते आता एकेकटे ऐकू लागले, आणि चर्चेची जागा भाषणाने घेतली. तज्ज्ञ सांगणार, शेतकरी ऐकणार, असा हा साचा होता.

भाषणाच्या साच्यात कोणता धोका असतो, हे प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या चुकीतून अनुभविले आहे. बोंडअळीवरील एका भाषणात 'आर्थिक नुकसानीची पातळी' हा शब्दप्रयोग आठ-दहा वेळा वापरला व भाषण उत्तम झाले असे समाधान मानले. पुढे एका गावी एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "साहेब, ते पातळी पातळी म्हणत होते तुम्ही, ते विहिरीच्या पाण्याची का?" त्या शेतकऱ्याने विचारले म्हणून कळले. ज्यांनी विचारले नाही त्यांची संख्या किती असेल, हे सांगता येत नाही.

यापुढील टप्पा एफ.एम. लहरींचा. मध्यम लहरींत आवाजानुसार लहरीची उंची कमीजास्त होते व विजेचा कडकडाट त्याच उंचीत मिसळतो. एफ.एम. पद्धतीत आवाजानुसार लहरीची कंपनसंख्या बदलते, उंची तीच राहते. म्हणून भर पावसातही आवाज स्वच्छ येतो. मर्यादा अशी की या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात, आणि त्यांची पोच काही दशक किलोमीटरांचीच असते. भारतात पहिले एफ.एम. प्रसारण १९७७ साली मद्रास येथे सुरू झाले. पोच कमी हा दोष न मानता त्याचाच उपयोग करावा, एका केंद्राने एकाच जिल्ह्याशी बोलावे, या विचारातून १९८४ मध्ये नागरकोईल येथे पहिले स्थानिक नभोवाणी केंद्र निघाले. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रातही यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, बीड, धुळे, सातारा अशा ठिकाणी आकाशवाणीची स्थानिक केंद्रे आली.

यवतमाळला स्वतःचे केंद्र मिळणे ही शेतीच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. नागपूरच्या केंद्राला संत्र्याच्या बागांपासून पूर्वेकडील भातशेतीपर्यंत सर्वांचाच विचार करावा लागतो. यवतमाळच्या केंद्राला कपाशी, तूर, सोयाबीन व ज्वारी यांवर मनसोक्त बोलता येते. घाटंजीत पाऊस झाला व दिग्रसला झाला नाही, असा भेद जिल्ह्याच्या केंद्रालाच करता येतो. १५ फेब्रुवारी २००४ पासून 'किसानवाणी' ही मालिका देशातील ९६ एफ.एम. केंद्रांवरून सुरू झाली. तिचा हेतू हाच की बाजारभाव, हवामान व पिकांचा सल्ला त्या त्या भागापुरता आणि तेथील बोलीत दिला जावा. त्याच वर्षी जानेवारीत किसान कॉल सेंटर सुरू झाले होते. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करून शेतकरी आपली शंका विचारू शकतो. अशा रीतीने तुटलेला परतीचा मार्ग काही अंशी पुन्हा जोडला गेला.

परंतु मधल्या काळात शेतकऱ्याचा सल्लागारच बदलला होता. २००२ साली बी.टी. कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली. बियाणे, खत व औषध यांसाठी शेतकरी दुकानाची पायरी वरचेवर चढू लागला, आणि काय फवारावे हेही तो तेथेच विचारू लागला. दुकानदाराचा साचा नभोवाणीपेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. तो समोर उभा असतो, शंकेला तत्काळ उत्तर देतो आणि बोलीत बोलतो. मात्र त्याच्या उत्तराच्या शेवटी विक्री असते. दोन औषधे एकत्र करून मारण्याचा सल्ला अशाच मार्गाने पसरतो.

म्हणून स्थानिक केंद्राचा स्वच्छ आवाज आणि १९५६ मधील मंडळाची चर्चा यांची सांगड घालणे हा उपाय सुचवावासा वाटतो. त्यास नवी यंत्रे वा अनुदान लागत नाही. जुलैच्या आरंभी गावातील फवारणी करणारे दहा-पंधरा मजूर निवडावेत. येथे मालकांपेक्षा मजुरांना प्राधान्य द्यावे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. शेतीच्या कार्यक्रमाची वेळ आपल्या केंद्राकडून समजून घ्यावी व त्या वेळी समाजमंदिरात किंवा पारावर बसावे. ज्या मोबाईल यंत्रात एफ.एम.ची सोय असते, त्यातील बहुतेकांना कानाला लावण्याची तार जोडावी लागते. ती तारच लहरी पकडते. तार जोडून ध्वनिवर्धकावर आवाज लावला की सर्वांना ऐकू येते. उमरखेड, वणी, झरी जामणी यांसारख्या दूरच्या तालुक्यांत व डोंगरांच्या आडोशाच्या गावांत आधी स्वतः फिरून आवाज कोठे नीट येतो ते पाहावे. जेथे तो येतच नाही, पण मोबाईलला इंटरनेट मिळते, तेथे आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' या ॲपचा उपयोग होऊ शकतो.

ऐकण्याच्या वेळी मध्यभागी औषधाचा एक रिकामा, स्वच्छ धुतलेला डबा ठेवावा. नभोवाणीला रंग दाखविता येत नाही. 'लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी' असे वाक्य आले की निमंत्रकाने तो डबा हातात धरून त्यावरील चौकोन व त्यातील खालचा रंगीत भाग प्रत्येकास दाखवावा. लाल, पिवळा, निळा, हिरवा या क्रमाने विषारीपणा कमी होत जातो. मात्र हिरव्याचा अर्थ निर्धोक असा नव्हे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, भर उन्हात फवारू नये, हातमोजे व तोंडावरचा रुमाल काढून तंबाखू मळू नये, काम संपताच साबणाने अंघोळ करावी व कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत, हे सर्व कार्यक्रमात सांगितले जाते. चर्चेत मात्र खरी अडचण पुढे येते. कपाशी छातीच्या वर वाढली की फवारा तोंडावरच येतो, मग काय करावे? मालक हातमोजे देत नाही, मग काय करावे? या प्रश्नांची उत्तरे भाषणात नसतात. ती मालक, मजूर व कार्यकर्ता यांनी बसूनच काढावी लागतात. डोळ्यांपुढे अंधारी, डोकेदुखी, मळमळ, फार घाम, तोंडास लाळ यांपैकी काही जाणवताच फवारणी थांबवावी, अंगावरचे कपडे उतरवून अंग धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. घरी झोपून पाहू असे म्हणू नये.

चर्चेचा दुसरा उपयोग गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत होतो. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत व एका सापळ्यात सतत तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग सापडल्यास उपाय योजावा, हा सल्ला ऐकण्यास सोपा आहे. पण मोजणी ज्याची त्यालाच करावी लागते. मंडळातील दहा जणांनी आपापल्या सापळ्यांतील आकडे एका वहीत लिहिले, तर गावात अळी आली की नाही हे दुकानदाराला विचारण्याचे कारण उरत नाही.

कोलाम, गोंड व बंजारा वस्त्यांत निमंत्रक शक्यतो त्याच समाजातील असावा, म्हणजे मराठीत ऐकलेले तो आपल्या बोलीत सांगू शकेल. चर्चेतून निघालेल्या शंका एका कागदावर लिहून, गावाचे व तालुक्याचे नाव घालून, आठवड्याच्या आत केंद्राकडे टपालाने पाठवाव्यात व त्यांची एक प्रत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावी. ज्या शंकेचे उत्तर नभोवाणीवरून मिळेल, ती तारखेसह वहीत नोंदवावी. ज्या शंकेचे उत्तर दोन आठवड्यांत येणार नाही, ती पुन्हा पाठवावी.