भाषा-मॉडेल : संज्ञा, फरक, टप्पे

संज्ञा
• भाषा-मॉडेल : प्रचंड मजकुरावर प्रशिक्षित केलेली संगणकीय प्रणाली. आधीच्या मजकुरावरून पुढचे टोकन कोणते असेल, याचा अंदाज बांधते.
• टोकन : मजकुराचा छोटा तुकडा. कधी पूर्ण शब्द, कधी शब्दाचा अंश, कधी विरामचिन्ह.
• पॅरामीटर : प्रशिक्षणादरम्यान ठरत जाणारी अंकमूल्ये. जीपीटी-३ या भाषा-मॉडेलमध्ये (२०२०) ती १७५ अब्ज होती.
• हॅल्युसिनेशन : खरी वाटणारी, पण चुकीची माहिती मॉडेलने देणे.

फरक
• प्रशिक्षण आणि वापर : प्रशिक्षणात पॅरामीटर बदलतात. नेहमीच्या वापरात, म्हणजे उत्तर तयार होताना, ते स्थिर राहतात.
• खुले आणि बंद मॉडेल : खुल्या मॉडेलचे पॅरामीटर उतरवून स्वतःच्या यंत्रणेवर चालवता येतात. बंद मॉडेल कंपनीच्या सेवेतूनच वापरता येते.

टप्पे
• १९५६ : अमेरिकेतील डार्टमथ येथे परिषद. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासशाखेची सुरुवात येथून मानतात.
• २०१७ : गुगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ रचना मांडली. आजची बहुतेक मोठी भाषा-मॉडेल याच रचनेवर आधारित.
• जुलै २०२२ : भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ व्यासपीठाचा प्रारंभ. मराठीचाही समावेश.
• ३० नोव्हेंबर २०२२ : ओपनएआय कंपनीचे चॅटजीपीटी हे संवादी साधन सर्वांसाठी उपलब्ध.
• मार्च २०२४ : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या ‘इंडियाएआय मिशन’ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. तरतूद १०,३०० कोटी रुपयांहून अधिक.
• १ ऑगस्ट २०२४ : युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा अमलात. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू.
• जानेवारी २०२५ : चीनच्या डीपसीक कंपनीचे ‘आर-१’ हे खुले मॉडेल प्रसिद्ध.