उन्हाळ्यातले कपडे आणि कमरेचं पिस्तूल: काय समजतो, काय खरं

टेक्सास, फ्लोरिडा आणि ॲरिझोना ही अमेरिकेतली तिन्ही राज्यं कडक उन्हाळ्याची. तिन्ही ठिकाणी कपड्यांखाली पिस्तूल बाळगायला आता वेगळा परवाना लागत नाही. ॲरिझोनाने ही मुभा २०१० मध्ये दिली, टेक्सासने २०२१ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये. हिवाळ्यात जॅकेटखाली सगळं झाकून जातं. मे उजाडला की घाम, काच आणि पातळ कपडे यांचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याबरोबर ऐकीव सल्लेही सुरू होतात.

त्याआधी कायद्याचं बोलायला हवं, कारण इथली चूक थेट तुरुंगात नेऊ शकते. ‘राज्यात परवाना लागत नाही, म्हणजे आपल्यालाही चालेल’ असं एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलामुलींनी समजू नये. तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवणं हाच अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद तेवढे आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

आता कपडे. पांढरा, पातळ, सुती सदरा उन्हाळ्यात सर्वांत बरा, असं आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पिस्तूल बाळगणाऱ्यासाठी मात्र तो बहुधा सर्वांत वाईट. सुती कापड घाम शोषतं, पण तो लवकर सोडत नाही. ओलं झालेलं पातळ कापड अंगाला चिकटतं आणि पिस्तुलाची कड न् कड त्यावर उमटते. शिवाय हवा कुठली, हेही बघावं लागतं. ह्यूस्टनचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्यासारखा दमट, घाम वाळतच नाही. तिथे लवकर सुकणारं मिश्र धाग्याचं कापड बरं. फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस दिवसाचा कमाल पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४३ अंश सेल्सियसच्या खाली उतरला नव्हता. पण ती हवा कोरडी, त्यामुळे तिथे सैल सुतीही चालून जातं.

गडद रंगाची भीतीही थोडी बाजूला ठेवावी. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला. काळा झगा जास्त तापतो खरा, पण सैल असल्याने आत हवा खेळते, आणि अंगापर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच राहते. म्हणून गडद, फुलाफुलांचा किंवा चौकड्यांचा, सरळ काठाचा, न खोचता घालायचा बुशशर्ट हा उत्तम पर्याय आहे. नक्षीमुळे खालचा आकार डोळ्यांत भरत नाही.

मात्र दोन मापं मोठा शर्ट घेऊ नका. वारा आला की जादा कापड अंगावर दाबलं जातं आणि खांदे ओघळलेले दिसतात. हवी असते ती लांबी. आरशासमोर दोन्ही हात वर करा, वाका, खुर्चीत बसा. वरच्या फळीवरचा डबा काढताना शर्टाचा काठ होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाच्या, वर सरकत असेल, तर तो शर्ट उपयोगाचा नाही.

लहान पिस्तूल घेतलं की सगळं सुटतं, हाही असाच समज. नळी विजारीच्या आत जाते, तिची लांबी फारशी दिसत नाही. कपड्यावर उमटते ती मूठ. ती अंगाशी टेकून ठेवायचं काम जाड, न वाकणारा पट्टा आणि नीट बसवलेलं होल्स्टर करतं. होल्स्टर विजारीच्या आत घालायचं असेल तर कंबर एखाद-दोन इंच जास्त घ्यावी. आत लांब बनियन घालावी म्हणजे काचत नाही, घामोळंही कमी येतं. घामातल्या मिठाने पोलाद गंजतं, म्हणून घरी आल्यावर पिस्तूल पुसून ठेवायला विसरू नये.

सगळ्यात धोकादायक समज असा, की उकाड्यात होल्स्टरला सुट्टी दिली तरी चालतं. नाडीची शॉर्ट, खिशात किल्ल्या, त्यातच पिस्तूल. आजच्या अनेक पिस्तुलांना अंगठ्याने लावायचा खटका नसतो, चाप दाबला गेला की गोळी सुटते. तो किल्लीने दाबला की बोटाने, हे पिस्तुलाला कळत नाही. चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर ऋतू पाहून काढायची वस्तू नव्हे. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवतानाही शर्टाचा काठ किंवा नाडीची गाठ चापाशी अडकू शकते. म्हणून दुसऱ्या हाताने कापड पूर्ण बाजूला धरायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मग सावकाश ठेवायचं.

‘मग पर्समध्ये ठेवू’ हा उपाय तर फारच घातक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून गोळी सुटून आई जागीच गेली. ती पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती. गाडीच्या कप्प्यात टाकून जाणंही नको. काच फोडणाऱ्या चोराला तेच हवं असतं.

कपड्यावरून आकार दिसला म्हणजे गुन्हा, असं टेक्सासमध्ये नाही. तिथे होल्स्टरमधलं पिस्तूल उघड बाळगण्याची मुभा परवानाधारकांना २०१६ पासूनच आहे. दारावरची बंदीची पाटी मात्र वाचायलाच हवी.

आणि भारतात येण्याआधी उन्हाळी शॉर्ट, जॅकेट, पाठपिशवी यांचा प्रत्येक खिसा उलटा करून बघा. अमेरिकेतला कुठलाही परवाना इथे चालत नाही. विसरून राहिलेलं एक जिवंत काडतूस सापडलं, तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली विमानतळावरच गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.