रुग्णाचे गुपित आणि पोलिसांतील फिर्याद

कलकत्त्याच्या नीलरतन सरकार रुग्णालयात १० जून २०१९ च्या रात्री, एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूनंतर, जमावाने तरुण डॉक्टरांवर हल्ला केला. देशभर संप झाले. असा हल्ला पश्चिम बंगालच्या २००९ च्या कायद्याने दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला आहे. तेव्हा फिर्यादीविषयी दुमत नाही. परंतु हात उगारणारा स्वतः रुग्णच असेल, तर? त्याचे गुपित राखण्यास डॉक्टर बांधलेला असतो.

२००२ चे वैद्यकीय आचारनियम सांगतात, की उपचारांत कळलेले गुपित फोडू नये. मात्र न्यायाधीशाची आज्ञा असता, कोणा व्यक्तीस वा समाजास गंभीर धोका असता, किंवा रोग कळविणे कायद्यानेच बंधनकारक असता ते सांगता येते.

मारहाण ही काही नाडी पाहून कळलेली गोष्ट नव्हे. ती डोळ्यांदेखत घडते. म्हणून नाव, वेळ, स्थळ, कृत्य आणि साक्षीदार एवढे फिर्यादीत यावे. त्याला क्षय आहे की मद्याचे व्यसन, हे तेथे अप्रस्तुत होय. केसपेपर हवा असल्यास पोलिसांनी रीतसर लेखी मागणी करावी. अपराध घडला म्हणून त्याचे रुग्णपण संपत नाही. फिर्याद कृत्याची असते, रोगाची नव्हे.