जागा मागायला लाजू नका, द्यायला वाट बघू नका
गरोदरपणातला बसचा प्रवास आणि आपण सोबतच्या बाया



या वेळी आधी माझीच एक चूक सांगते, मग माहिती.

पावसाळ्यातली गोष्ट. चाकणची बैठक आटोपून मी संध्याकाळी भोसरीला निघाले होते. कंपन्या सुटायची वेळ, बस गच्च भरलेली. मला नशिबाने बसायला मिळालं. कानात हेडफोन, हातात मोबाईल. शेजारी पंचविशीतली एक बाई उभी होती, खांद्याला डब्याची पिशवी. तिने दोन-तीनदा माझ्या सीटचा दांडा घट्ट धरला आणि कपाळ हातावर टेकवलं. मला वाटलं, दमली असेल. या वेळेला दमलेल्या तर सगळ्याच असतात. चिंबळी फाट्याच्या जवळ ती खाली बसली. बसली कसली, कोसळलीच.

मागून भाजीच्या टोपलीवाल्या एक मावशी उठल्या. तिला पाणी पाजलं, स्वतःच्या जागेवर बसवलं आणि विचारलं, "कितवा?"

ती हळूच म्हणाली, "तिसरा."

"मग सांगायचं नाही का गं बाई?"

"तीन महिने कुणाला सांगू नको म्हणल्यात सासूबाई."

मी एमएसडब्ल्यू केलंय. गरोदर मातांच्या काळजीवर तुमच्या बैठकीत तासभर बोलते. आणि हाताच्या अंतरावर उभी असलेली बाई मला दिसली नाही. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हा लेख त्या दोन्ही गोष्टींबद्दल आहे.

पोट दिसत नाही, तेव्हाच जास्त त्रास

सातव्या-आठव्या महिन्यातली अवघडलेली बाई बसमध्ये चढली की कुणीतरी उठतंच. पण पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसत नाही आणि शरीराची उलथापालथ तर तेव्हाच सुरू झालेली असते. मळमळ, कोरड्या उलट्या, वासाचा त्रास, गळून गेल्यासारखं वाटणं, हे सगळं बहुतेकींना याच काळात होतं. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो. बराच वेळ एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी जातं आणि डोळ्यापुढे अंधारी येते. पोट रिकामं असेल, बसमध्ये कोंडलेली हवा असेल, तर आणखी लवकर येते.

त्यात आपल्या अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२.२ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलं तर गरोदरपणात रक्त कमी आहे असं धरतात. म्हणजे बसमध्ये दोन गरोदर बाया उभ्या असतील, तर त्यातल्या एकीला चक्कर यायची शक्यता मुळातच जास्त.

पोट वाढल्यावर त्रास वेगळा होतो. भार पुढे येतो, सांधे सैल होतात, तोल पटकन जातो. ड्रायव्हरने ब्रेक मारला की इतर बाया एक पाऊल सरकतात, ती थेट पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटू शकते.

"आम्ही नाही का शेतात राबलो?"

हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकलंय. नाणेकरवाडीत ऐकलं, खराबवाडीत ऐकलं. बोलणाऱ्या आजी खोटं बोलत नाहीत. नववा लागेपर्यंत त्यांनी खुरपणी केली, पाण्याचे हंडे वाहिले. पण आजी, एक आठवून बघा. शेतात चक्कर आली तर तुम्ही बांधावर टेकत होता. पाणी पीत होता, झाडाखाली जात होता. बसमध्ये टेकायला बांध नाही. तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात गाडी अडकली, तर वीस किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. तेवढा वेळ ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी असते.

आणि तुम्ही सोसलं ते दुसरा इलाज नव्हता म्हणून. सुनेनेही तेच सोसायला पाहिजे असं थोडंच आहे?

पाटी पुरुषाला उठवते, बाईला नाही

पीएमपीच्या बसमध्ये डाव्या बाजूच्या जागा महिलांसाठी राखीव असतात, एसटीतही महिलांच्या राखीव जागांवर पाटी असते. तिथे पुरुष बसला असेल तर त्याला उठायला सांगणं हा आपला हक्क आहे. वाद घालायची गरज नाही. "दादा, ही लेडीज सीट आहे" एवढं म्हटलं तरी बरेच जण उठतात. कधी कधी रात्रपाळी करून आलेला पोरगा खरंच गाढ झोपलेला असतो. त्याला हलवायला अवघड वाटत असेल तर कंडक्टरला सांगा. कुणी हुज्जत घातली, धक्काबुक्की केली किंवा मुद्दाम अंगाला अंग लावलं, तर मोठ्याने बोला, कंडक्टरला गाडी थांबवायला सांगा आणि ११२ ला फोन करा. तिकीट जपून ठेवा, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या, तक्रारीला तेच कामी येतं.

पण संध्याकाळच्या बसमध्ये डाव्या बाजूला पुरुष नसतातच. सगळ्या आपण बायाच असतो. एक बाई बसलेली, एक उभी. तिथे पाटीचा काही उपयोग नाही. कोण उठणार हे आपल्यालाच ठरवायचंय, आणि खरं सांगायचं तर आपणही खिडकीबाहेर बघत बसतो. माझ्यासारखं.

उभ्या असलेल्या ताईने काय करायचं?

"जरा सरकता का", "बघा ना", असं मोघम बोलून कुणी उठत नाही. सगळ्यांना वाटतं, दुसरीला म्हणाली. एकीकडे बघून, तिलाच उद्देशून, कारणासकट बोला:

"ताई, मला दिवस गेलेत, चक्कर येतेय. मला बसू द्याल का?"

चारचौघांत 'दिवस गेलेत' म्हणायचं नसेल, तर "मला चक्कर येतेय, मी पडेन" एवढंच म्हणा. ते खरंही आहे आणि पुरेसंही. घरात तीन महिने बातमी गुपित ठेवायची असेल तर ठेवा, तो तुमच्या घरचा प्रश्न. पण बसमधली अनोळखी बाई तुमच्या गावात सांगायला येणार नाही.

कुणीच उठलं नाही तर कंडक्टरला सांगा. अंधारी आलीच, तर पडायची वाट बघू नका, सरळ बसच्या जमिनीवर बसा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. साडी मळली तर धुता येते.

उभं राहावंच लागलं तर दारापासून लांब, मधल्या भागात उभ्या राहा. वरचा दांडा धरून ताटकळू नका, सीटचा किंवा उभा खांब धरा. दोन्ही पायांत अंतर ठेवा, अधूनमधून टाचा उचला म्हणजे पायातलं रक्त फिरतं. बसायला मिळालं तर शेवटची रांग टाळा, खड्ड्यांचे धक्के तिथे सगळ्यात जास्त बसतात.

बसलेल्या ताईने काय करायचं?

पोटाकडे बघून अंदाज बांधू नका. "किती महिने?" हा प्रश्न तर नकोच. ती गरोदर नसेल तर दोघींचीही पंचाईत. चेहरा बघा. घाम आलेला, ओठ पांढरे पडलेले, पदर नाकाला लावलेला, कपाळ हातावर टेकवलेलं. एवढं दिसलं की विचारा, "ताई, बसता का?" ती नाही म्हणाली तर तुमची जागा तुमचीच. हो म्हणाली तर उठा. स्वतःला उठता येत नसेल, पाय दुखत असतील, तर तिची पिशवी तरी मांडीवर घ्या.

आणि दुसरी कुणी जागा मागत असेल तेव्हा गप्प बसू नका. "अहो, द्या की तिला" असं मागून एक जण म्हणाली तरी फरक पडतो. एकटी मागते तेव्हा तिला भीक मागितल्यासारखं वाटतं. त्या दिवशी टोपलीवाल्या मावशी एकट्याच बोलल्या आणि सगळी बस हलली.

न दिसणाऱ्या महिन्यांचा हा प्रश्न जगात सगळीकडे आहे. लंडनमध्ये गरोदर महिला प्रवासात कपड्यावर एक बिल्ला लावतात, म्हणजे न बोलता समजतं. जपानच्या सरकारने २००६ मध्ये असंच एक चिन्ह ठरवलं, ते बायका पर्सला अडकवतात. आपल्याकडे नजर लागेल म्हणून तिसऱ्या महिन्यात असा बिल्ला लावायला कुणी धजावणार नाही. पण "ताई, बसता का?" विचारायला बिल्ला लागत नाही.

"बसने फिरली म्हणून पोट पडलं"

हे बोलणं बंद करूया. सुरुवातीच्या महिन्यांतले बहुतेक गर्भपात गर्भाच्या जडणघडणीतच दोष राहिल्याने होतात, बसमध्ये बसल्याने नाही. गरोदरपण नीट चालू असेल तर बसने जाण्यात काही चूक नाही. धोका आहे तो पडण्याचा, पोटावर मार बसण्याचा आणि धावती बस पकडण्याचा. ज्यांना डॉक्टरांनी आराम सांगितलाय, रक्तस्राव झालाय, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रवास करावा. बसच्या भीतीने तपासणी चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी जमलं तर गर्दी ओसरल्यावर निघा.

मोटरसायकलवर नेणं सोपं वाटतं. पण साडीत एका बाजूला पाय सोडून बसलं की स्पीडब्रेकरवर तोल जातो. जायचंच असेल तर हेल्मेट घाला, गाडी हळू चालवायला सांगा. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या जागेवर बसू नका. पिंपरीकडे जायचं असेल तर नाशिक फाट्यापासून पुढे मेट्रो बरी पडते. धक्के कमी आणि स्टेशनला लिफ्ट आहे. वायसीएम रुग्णालयाला जायला संत तुकाराम नगर स्टेशन जवळचं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी, लातूर-नांदेडकडे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. ही सवलत एसटीची, पीएमपीची नाही. रेल्वेत आरक्षण करताना गरोदर महिलांना डॉक्टरच्या दाखल्यावर खालच्या बर्थच्या कोट्यातून जागा मागता येते.

पिशवीत काय असावं?

माता व बाल संरक्षण कार्ड, पाण्याची बाटली, मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा राजगिऱ्याचा लाडू, उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी, आणि आशाताई व घरच्यांचा नंबर एका कागदावर. मोबाईल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही.

वाटेत कुठे जायची सोय नाही म्हणून बऱ्याच जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. तसं करू नका. पाणी कमी प्यायलं आणि लघवी दाबून ठेवली की जंतुसंसर्ग होतो, चक्करही वाढते. निघायच्या आधी जाऊन या आणि घोट घोट पाणी पीत राहा.

प्रवासात अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, पोटात जोराची कळ आली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधुक झालं, चेहरा-हात सुजले, झटका आला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरी पोचायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. १०२ ची गाडी गरोदर मातांसाठी मोफत आहे. ती घरून सरकारी दवाखान्यात नेते आणि बाळंतपणानंतर घरी सोडायलाही येते.

गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं द्या. एकीने बसलेली बाई व्हायचं, एकीने उभी. "मला चक्कर येतेय, मला बसू द्याल का?" हे वाक्य प्रत्येकीने एकदा मोठ्याने म्हणायचं. हसू येईल, येऊ द्या. बैठकीत एकदा तोंडातून निघालं की बसमध्ये घशात अडकत नाही. एकाच पाळीला जाणाऱ्या बायांनी मिळून निघायचं ठरवलं, तर पोटुशी बाईला जागा धरायला दोघी-तिघी असतील. आणि सासूबाई गटात असतील तर त्यांना एवढंच सांगा, बातमी जगाला नको, पण सोबत जाणाऱ्या एकीला तरी कळू द्या.

त्या दिवशी भोसरीला उतरताना ती ताई मला म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं?" ती मला सांभाळून घेत होती. पण विचारलं असतं तर माहीत झालं असतं. आता बसमध्ये मी हेडफोन लावत नाही.

पुढच्या बैठकीत तुमचे अनुभव ऐकायला येते.

– तुमची क्षेत्र समन्वयक