मानसोपचाराचे शुल्क आणि त्यातून भागणारा खर्च

खाजगी मानसोपचाराविषयी बोलणे निघाले की एक तक्रार हमखास ऐकू येते : औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, यंत्र नाही, मग नुसत्या बोलण्याचे एवढे पैसे कशाचे? ही तक्रार अज्ञानमूलक म्हणून बाजूला सारण्याची प्रथा व्यवसायात आहे. ती योग्य नव्हे. तक्रारीत एक रास्त प्रश्न दडलेला आहे, आणि व्यवसायाने त्याचे उत्तर आजवर बहुधा अर्थशास्त्रातून न देता मानसशास्त्रातून दिले आहे. पैसे मोजल्याखेरीज रुग्ण उपचार मनावर घेत नाही, हे ते उत्तर होय. हे उत्तर कितपत टिकते आणि शुल्कातून प्रत्यक्षात काय भागते, ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणे अवश्य आहे. मानसोपचार ह्या शब्दाचा येथे मर्यादित अर्थ घेतला आहे : संभाषणाच्या द्वारे, ठरावीक वेळी, एकाच उपचारकाकडून दीर्घकाळ होणारा उपचार. औषधयोजना करणाऱ्या वैद्यकाच्या फीचा प्रश्न वेगळा आहे.

शुल्कासंबंधीचा पहिला पद्धतशीर विचार सिग्मंड फ्रॉइडच्या १९१३ सालच्या एका निबंधात आढळतो. उपचाराचा आरंभ कसा करावा हा त्या निबंधाचा विषय. सुसंस्कृत माणूस पैशाच्या गोष्टी कामविषयक गोष्टींइतक्याच आडपडद्याने आणि दांभिकपणे बोलतो, तेव्हा उपचारकाने तरी आपली फी मोकळेपणाने सांगावी, असा त्याचा आग्रह आहे. त्याची व्यवस्था सरळ होती. प्रत्येक रुग्णाला दिवसातील एक तास नेमून दिलेला असे; तो तास त्याच्या मालकीचा; तो आला नाही तरी पैसे त्याने द्यावयाचे. हा नियम आज अनेकांना जाचक वाटतो. परंतु दिवसाकाठी सात-आठ रुग्णांवर ज्याचा चरितार्थ अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने न वापरलेला तास सुटलेल्या एस. टी.मधील रिकाम्या आसनासारखा असतो; तो पुन्हा विकता येत नाही.

ह्याच निबंधात विनामूल्य उपचाराचा विचार आहे, आणि त्याचा अर्धाच भाग पुढे उद्धृत होत आला. सुमारे दहा वर्षे फ्रॉइडने रोज एक, क्वचित दोन तास फी न घेता उपचार केले. अपेक्षित लाभ झाला नाही. काही रुग्णांमध्ये उपकाराच्या भावनेमुळे प्रतिरोध उलट वाढला, असा अनुभव त्याने नोंदविला. एवढे विधान उचलून पुढील पिढ्यांनी 'फी हीच उपचाराचा एक घटक' असा सिद्धांत उभारला. परंतु त्याच ठिकाणी त्याने दिलेले दुसरे कारण निव्वळ जमाखर्चाचे आहे : एक विनामूल्य रुग्ण म्हणजे उपचारकाच्या कमाईच्या वेळेचा सातवा वा आठवा हिस्सा, आणि असे दोन रुग्ण म्हणजे एखाद्या मोठ्या अपघाताने व्हावे तेवढे नुकसान. परिस्थितीने गांजलेल्या काही व्यक्तींच्या बाबतीत विनामूल्य उपचार उत्तम यशस्वी होतात, हेही त्याने तेथेच मान्य केले आहे. पुढे झालेल्या पाहण्यांतून फी देण्या-न देण्याचा उपचाराच्या फलाशी सातत्याने संबंध आढळून आलेला नाही. तेव्हा मानसशास्त्रीय उत्तराचा आधार दुर्बल आहे. ते उत्तर देणाऱ्याच्या सोयीचे आहे, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

मग शुल्क कशासाठी? एक कल्पित हिशेब घेऊ. समजा, पुण्यासारख्या शहरात एक उपचारक बैठकीला १,५०० रुपये आकारतो. आठवड्यात २५ बैठकी ठरतात, त्यांतील ५ ऐनवेळी बुडतात आणि त्यांचे पैसे तो घेत नाही. सुट्या, आजारपण, सणवार वजा जाता वर्षाचे ४४ आठवडे काम होते. म्हणजे ८८० बैठकी आणि १३,२०,००० रुपये जमा. खर्चाच्या बाजूस, शांत आणि खाजगीपणा राखणाऱ्या खोलीचे भाडे महिना २५,००० प्रमाणे ३,००,०००. ज्येष्ठ उपचारकाकडून महिन्यातून दोन तास मार्गदर्शन, तासाला २,००० प्रमाणे ४८,०००. पुढील प्रशिक्षण, ग्रंथ, वीज, दूरध्वनी, हिशेबनीस इत्यादी मिळून १,३२,०००. शिल्लक ८,४०,०००, म्हणजे आयकरापूर्वी महिना ७०,००० रुपये.

आता वेळेचा हिशेब. बैठक पन्नास मिनिटांची. परंतु तिच्यामागे टिपणे लिहिणे, मागील टिपणे वाचणे, पुढील दिशेचा विचार करणे ह्यांत किमान अर्धा तास जातो. बुडालेल्या बैठकींचे चार तास आणि पत्रव्यवहार-हिशेब-दूरध्वनी ह्यांचे पाच तास धरले तर आठवड्याला सुमारे ३६ तास भरतात. त्या मापाने एका श्रमतासाला सुमारे ५३० रुपये पडतात. रुग्णाच्या खिशातून पन्नास मिनिटांसाठी गेलेले १,५०० आणि उपचारकाच्या हाती एका तासाला राहिलेले ५३०, ह्यांतील अंतर म्हणजे रुग्णाला न दिसणारा उपचार होय. ह्यातील आकडे जागोजागी बदलतील. मुंबईत भाडेच हा हिशेब उलथून टाकील. रचना मात्र फारशी बदलत नाही.

आठवड्याला २५ ऐवजी ४० बैठकी का घेऊ नयेत, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. घेणारे घेतात. परंतु ह्या व्यवसायात लक्ष हेच साधन आहे आणि सहाव्या-सातव्या बैठकीनंतर ते बोथट होते. अर्थशास्त्रज्ञ बॉमोल आणि बोवेन ह्यांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थव्यवहारावर लिहिलेल्या ग्रंथातील विवेचन येथे तंतोतंत लागू पडते. कारखान्यात यंत्रामुळे दर माणशी उत्पादन वाढते आणि मजुरीही वाढते. परंतु तंतुवाद्यांच्या चौकडीला एखादी रचना वाजविण्यास दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. विलंबित ख्याल द्रुतगतीत गाऊन वेळ वाचविता येत नाही, तसेच हे. इतरत्र वेतने वाढली की अशा सेवांचा खर्च वाढतच जातो. त्याला सेवकाची हाव कारणीभूत असावी लागत नाही.

शुल्कात आणखी एका गोष्टीची परतफेड असते, ती म्हणजे प्रशिक्षणाची. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमान्वये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला नोंदणी करावी लागते, आणि पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा एम. फिल. हा तिचा प्रमुख मार्ग राहिला आहे. समुपदेशक म्हणवून घेण्यास मात्र दीर्घकाळ अशी कोणतीच अट नव्हती. परिणामी सारख्याच फीमागे कधी सात-आठ वर्षांचे शिक्षण असते, तर कधी काही आठवड्यांचा वर्ग. फीच्या आकड्यावरून रुग्णाला हा भेद कळत नाही, आणि ही उणीव शुल्काच्या मोठेपणापेक्षा अधिक गंभीर आहे.

रुग्णाच्या बाजूने पाहता चित्र वेगळे दिसते. विषादावरील बोधात्मक-वर्तन उपचारास साधारणतः १२ ते २० बैठकी लागतात. महिना ४०,००० मिळविणाऱ्या कुटुंबाने १६ बैठकी चार महिन्यांत घेतल्या तर २४,००० रुपये जातात, म्हणजे मिळकतीचा शेकडा १५ भाग. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत (२०१५-१६) मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा उपचार आणि प्रवास ह्यांवरील खर्च महिना १,००० ते १,५०० रुपये आढळला, आणि विविध विकारांत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ असे निघाले. (पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.) ज्या कुटुंबाचा महिन्याचा खर्चच एका खाजगी बैठकीएवढा आहे, त्याच्या दृष्टीने वरील सारा हिशेब परका आहे.

अनेक उपचारक अशा रुग्णांना सवलत देतात, आणि ती देणाऱ्याच्या सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु वरच्याच उदाहरणात २० पैकी ५ बैठकी ५०० रुपयांत दिल्या तर वर्षाला २,२०,००० रुपयांची तूट येते, म्हणजे उपचारकाच्या प्राप्तीचा चौथा हिस्सा. ती भरून काढावयाची तर उरलेल्या १५ बैठकींवर प्रत्येकी सुमारे ३३३ रुपये चढवावे लागतील. एका रुग्णाची सवलत दुसऱ्या रुग्णाने, बहुधा त्याच्या नकळत, भरावयाची. फ्रॉइडचा सातवा-आठवा हिस्सा शंभर वर्षांनी पुन्हा समोर येतो तो असा.

स्वतः फ्रॉइड ह्या कोंडीपाशी थांबला नाही. सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत त्याने भाकीत केले की, गरिबाला शस्त्रक्रियेचा जसा हक्क आहे तसा मनाच्या उपचाराचाही आहे हे समाजाला एके दिवशी पटेल आणि तो उपचार विनामूल्य संस्थांतून मिळेल. १९२० साली बर्लिनमध्ये आणि १९२२ साली व्हिएन्नात असे दवाखाने निघाले. बर्लिनचा बराचसा भार माक्स आइटिंगोन ह्याच्या घरच्या पैशाने उचलला. व्हिएन्नात सभासदांनी आपले तास देऊ केले. शुल्क रुग्णाच्या ऐपतीवर सोडले, तरी खर्च नाहीसा झाला नव्हता. त्याचा धनी बदलला होता. भारतात गिरींद्रशेखर बोस ह्यांनी १९३३ साली कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात मानसिक रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग काढला आणि त्यानंतर १९३८ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात तसा विभाग निघाला. तेथे हा धनी म्हणजे रुग्णालय होते.

आज कायद्याने हा भार आणखी दोघांवर टाकला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने परवडणाऱ्या उपचाराचा हक्क मान्य केला आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असे ठरविले. व्यवहारात बहुसंख्य विमापत्रे रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देतात. आठवड्याची बैठक ही बाह्यरुग्ण सेवा असल्याने ती बहुधा बाहेरच राहते. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनिसेवा सुरू केली. संकटसमयी तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु त्याच माणसाशी, त्याच वारी, सहा महिने बोलणे हे तिचे काम नव्हे.

उरतात ती विद्यापीठांची आणि अध्यापन-रुग्णालयांची केंद्रे. बर्लिनप्रमाणे तेथेही अल्प शुल्कातील बैठकी मुख्यतः प्रशिक्षणार्थी घेतात आणि ज्येष्ठ अध्यापक त्यांच्या टिपणांवरून मार्गदर्शन करतात. अशा केंद्रात रुग्णाकडून ५० रुपये घेतले जात असतील, तर उरलेला खर्च विद्यार्थ्याच्या विनावेतन तासांतून आणि अध्यापकाच्या वेळापत्रकात न दाखविलेल्या वेळेतून भागतो. विभागांच्या अंदाजपत्रकात त्यासाठी सहसा वेगळा रकाना नसतो.