विमानातला तो आवाज इंजिनाचाच?

विमान उंचीवर स्थिरावले की जो अखंड 'सूंऽऽ' आवाज सुरू राहतो, त्याचे खापर बहुतेक प्रवासी इंजिनावर फोडतात. उड्डाणाच्या वेळी ते बरोबरही असते. पण ताशी 850 किलोमीटरच्या वेगात, विशेषतः इंजिनाच्या पुढे बसलेल्यांना, ऐकू येतो तो बराचसा बाहेरून घासत जाणाऱ्या खळबळत्या हवेचा, म्हणजे टर्ब्युलन्सचा, आवाज.

'हादरे तर बसत नाहीत, मग टर्ब्युलन्स कुठला?' असे कुणी विचारील. पट्टे बांधायला लावणारा टर्ब्युलन्स वेगळा. विमानाच्या अंगालगतच्या पातळ थरात हवेचे बारीक भोवरे निरभ्र आकाशातही उठतच असतात. त्यांच्या दाबाने जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा थरथरतो आणि आत आवाज उमटतो.

हे सगळे अनियमित, म्हणून त्याचे गणित मांडता येत नाही, ही समजूत तर पुरती चुकीची. पुढच्या क्षणी एखाद्या बिंदूवर किती दाब असेल हे सांगता येत नाही, पण त्याची गरजही नसते. कोणत्या वारंवारितेला किती ऊर्जा आहे, दोन बिंदूंवरच्या दाबांचा मेळ किती अंतरापर्यंत टिकतो आणि भोवरे किती वेगाने पुढे सरकतात, एवढे सरासरीने कळले तरी पुरते. 1960च्या दशकात संशोधक कॉर्कोस यांनी यासाठी मांडलेले सूत्र आजही वापरात आहे, जरी ते दाबाच्या लांब लहरींचा जोर वाजवीपेक्षा जास्त दाखवत असले तरी.

दाब जितका मोठा तितका आवाज मोठा, असेही नाही. खरी मेख इथे आहे. भोवरे विमानाच्या वेगाच्या साधारण 70 टक्के वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 165 मीटर सरकतात. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात 2000 हर्ट्झच्या आसपास वाकण्याची लाट जवळपास त्याच वेगाने धावते. तिथे प्रत्येक धक्का, झोपाळ्याला लय साधून दिल्यासारखा, लाटेला बळ देतो. या वारंवारितेच्या बरेच वर शेजारशेजारचे धक्के एकमेकांना मारून टाकतात.

मोटारीत तर याहून नवल. भोवऱ्यांचा दाब जबर असला तरी त्यांचा वेग कमी, म्हणून खिडकीच्या काचेतल्या लाटांशी त्यांचा मेळ बसत नाही. बाजूच्या आरशामागे जन्मणारा खरा ध्वनी त्यापुढे अगदी क्षीण, पण लांब लहरींमुळे तोच वरच्या पट्टीत काचेतून सहज आत शिरतो. तो किरकोळ म्हणून सोडला की अंदाज फसलाच.

विमानातही म्हणूनच पत्रा नुसता ताठ करून भागत नाही. ताठ आणि हलक्या पत्र्यात लाटा जलद धावतात, ध्वनीच्या वेगाजवळ पोचतात आणि आवाज उलट जास्त फेकतात. त्यापेक्षा कंप जिरवणारा चिकट थर आणि आतल्या अस्तरामागची काचतंतूंची गादी कामी येते.