वणव्यातून वाचणारा चीड

चुलीतले पेटते लाकूड दुसऱ्या टोकाला धरून आपण सहज मागे ओढतो. तेवढ्याच लांबीची लोखंडी सळई मात्र थोड्या वेळात हात पोळते. कारण तुम्हांला ठाऊक आहेच : लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे. हिमालयातील एक वृक्ष याच गुणावर वणव्यातून तरून जातो. त्याचे नाव चीड.

चीड हा पाइनचा एक प्रकार. उत्तर पाकिस्तानपासून भूतानपर्यंत, साधारणपणे ५०० ते २००० मीटर उंचीच्या डोंगरउतारांवर तो वाढतो. त्याची सुईसारखी लांब पाने तीन-तीनच्या झुबक्यांत असतात. ऐन उन्हाळ्यात ती गळतात आणि जमिनीवर त्यांचा जाड थर साचतो. कुमाऊँ-गढवालात या पाचोळ्याला पिरूल म्हणतात. तो कोरडा आणि राळयुक्त असल्यामुळे एक ठिणगीही वणव्याला पुरते. वणव्यात झुडपे आणि रोपे जळतात. पण मोठे चीड काळवंडलेल्या बुंध्यांनिशी उभेच राहतात. असे का व्हावे?

खोडाच्या सालीखाली पेशींचा एक पातळ, जिवंत थर असतो. खोडाची जाडी त्याच्यामुळेच वाढते. त्याचे तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसला पोहोचले, की तो मरू लागतो. चिडाची जाड, भेगाळलेली साल या थराचे रक्षण करते. सालीची जाडी दुप्पट झाली, तर उष्णतेला दुप्पट अंतर कापावे लागते. शिवाय तापवायचे द्रव्यही दुप्पट होते. म्हणून लागणारा वेळ दुप्पट नव्हे, चौपट होतो! समजा, १ सेंटिमीटर सालीला ३ मिनिटे लागली, तर २ सेंटिमीटरला १२ आणि ३ सेंटिमीटरला २७ मिनिटे लागतील. पाचोळ्याची ज्वाळा एका जागी इतका वेळ टिकतच नाही.

मात्र हे चिलखत अभेद्य नाही. टर्पेंटाइन आणि राळ मिळवण्यासाठी चिडाच्या खोडाला खाचा पाडून डिंकासारखा रस गोळा करतात. खाचेपाशी साल उरत नाही, उलट ज्वालाग्राही रस साचतो. तेथूनच आग खोडात शिरते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चिडाच्या शेजारी, थोड्या अधिक उंचीवर, बांज नावाचा ओक वृक्ष वाढतो. गुरांचा चारा आणि शेताचे खत यांसाठी गावकरी त्याच्या पानांवर अवलंबून असतात. वारंवार वणवे लागले, की बांजाची कोवळी रोपे टिकत नाहीत. चिडाचे पंखधारी बी मात्र वाऱ्याबरोबर येऊन मोकळ्या झालेल्या जमिनीत सहज रुजते. हळूहळू बांजाच्या जागी चीड येतो, पिरूल वाढतो आणि पुढच्या वणव्याची तयारी होते.

म्हणजे वणव्यानंतर उभी दिसणारी झाडे मोजून जंगल सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. वृक्ष वाचतो; वन बदलत जाते. म्हणूनच उन्हाळ्यात पिरूल वेळीच गोळा करणे हे तेथील महत्त्वाचे काम आहे.